भूक हुसकावण्याचा शनिवार

सकाळचे नऊ वाजलेत आणि जेम्सटाउनच्या या गल्लीत पाय ठेवायला जागा नाही. दर दोन दारांआड एक चूल पेटलीय. चुलीवर काळवंडलेली जर्मनची पातेली, त्यांत पामफळांचं लालभडक कालवण रटरटतंय आणि धुरावर सुकवलेले मासे त्यात डोकं वर काढून बसलेत. धूर डोळ्यांत जातो. कोंबड्या पायांत येतात. कुठल्या तरी ओट्यावर माणसापेक्षा उंच स्पीकर लावलाय आणि त्याच्या ठेक्यावर एक आजी जागच्या जागी, हातातली पळी न सोडता नाचतेय.

ऑगस्टमधला शनिवार आहे. घानाच्या राजधानीचा, अक्राचा, हा सगळ्यात जुना भाग आणि आज इथल्या गा लोकांचा होमोवो. पूर्वी कधी तरी गा लोक पूर्वेकडून या किनाऱ्यावर आले, मोठा दुष्काळ पडला, माणसं मेली; मग पाऊस झाला, मका पिकला, आणि पोट भरल्यावर त्यांनी भुकेची हुर्यो उडवली. ती हुर्यो दरवर्षी उडवायची, हा सण.

माझ्यासोबत लेगॉनच्या विद्यापीठात इतिहास शिकणारा एक मुलगा आहे. त्याच्या आईचं घर याच गल्लीत. तो मला ‘आंटी’ म्हणतो आणि गर्दीतून वाट काढताना मधूनमधून माझी कोपरं धरून मला बाजूला सरकवतो. “तुम्ही मे महिन्यात यायला हवं होतं,” तो ओरडून सांगतो, कारण ओरडल्याशिवाय इथे काही ऐकू येत नाही. “तेव्हा एवढा आवाज केला असता तर दंड झाला असता.” खरंच आहे ते. मक्याची पेरणी झाली की गा पुजारी शहरात महिनाभर ढोल वाजवायला बंदी घालतात. पीक रुजताना देवांना शांतता लागते. हे खेड्यात सोपं असेल, पण अक्रासारख्या शहरात, जिथे प्रत्येक चौकात एक नवं चर्च आणि प्रत्येक चर्चमध्ये एक ड्रमसेट, तिथे महिनाभर गप्प बसायचं कुणी? नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्यावरून चर्चमध्ये घुसून वाद्यं उचलून नेण्यापर्यंत मजल गेली होती. आता दरवर्षी महापालिका पत्रक काढते, दोन्ही बाजू थोडी कुरकुर करतात, आणि महिना निघून जातो. आज त्या महिन्याची भरपाई चाललीय असं वाटतं.

दीपस्तंभाखाली आम्ही पोचतो. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा, 28 मीटर उंच. आतल्या गोल जिन्यावर एका वेळी एकच माणूस मावतो. वरून कुणी आलं की भिंतीला चिकटायचं. वर गेल्यावर वारा लागतो आणि चक्क गार वाटतं. विषुववृत्ताच्या उत्तरेला जेमतेम साडेपाच अंशांवर असलेल्या या गावात ऑगस्ट हा सगळ्यात थंड महिना. या दिवसांत समुद्राच्या खोलातलं थंड पाणी किनाऱ्यालगत वर येतं. आकाश मळकट राहतं, पाऊस फारसा पडत नाही. त्या थंड पाण्याबरोबर तारलीसारख्या माशांचे थवे येतात. म्हणजे शेतात मका आणि दर्यात मासा एकाच वेळी. होमोवो ऑगस्टमध्ये का, हे इथे वर उभं राहिलं की कुणी समजावून सांगावं लागत नाही.

खाली होड्या दिसतात. एकेका अजस्र खोडातून कोरून काढलेल्या, त्यावर फळ्या चढवलेल्या, आणि काठाकाठाने रंगवलेल्या: बायबलमधली वचनं, फुटबॉल क्लबांची बोधचिन्हं, देशोदेशीचे झेंडे. बाजूला चीनच्या मदतीने उभारलेलं काँक्रीटचं मासेमारी बंदर. त्याच्यासाठी 2020 मध्ये किनाऱ्यावरची कोळ्यांची झोपडी-वस्ती बुलडोझरने साफ केली. “होड्यांना जागा झाली, माणसांची गेली,” मुलगा म्हणतो. मंगळवारी मात्र अजूनही एकही गा होडी समुद्रात जात नाही. तो वार समुद्राचा.

इथूनच तीन किल्ल्यांची ओळ नजरेत भरते. अगदी पायाशी इंग्रजांचा जेम्स किल्ला, 1673 चा. थोडं पुढे डचांनी 1649 मध्ये बांधलेला, आता ज्याला अशर किल्ला म्हणतात तो. आणि पूर्वेला, धुक्यात पांढरा ठिपका दिसतो तो डेन्मार्कवाल्यांचा ख्रिश्चनबॉर्ग. तास-दीड तासाच्या पायपिटीत तीन देशांचे तीन किल्ले! सोन्यासाठी आले, माणसं विकू लागले. गा वस्त्या या किल्ल्यांच्या भिंतींना धरून वाढल्या. भांडणं, सोयरिकी, दलाली, सगळं त्यांच्या सावलीत झालं. जेम्सटाउनमधला अलाटा मोहल्ला तर जेम्स किल्ला बांधायला इंग्रजांनी पूर्वेकडून आणलेल्या मजुरांचा. आज तेही गा, त्यांचाही मुखिया, त्यांचाही होमोवो. 1830 च्या दशकात ब्राझीलमधून गुलामीतून सुटून परतलेली कुटुंबं आली, त्यांनाही गा लोकांनी जागा दिली. त्यांचं जुनं घर दोन गल्ल्या सोडून आहे. भूमिपुत्र कोण, हा प्रश्न इथे फार ताणून विचारू नये.

उतरताना मुलगा जेम्स किल्ल्याच्या भिंतीकडे बोट दाखवतो. 2008 पर्यंत हा तुरुंग होता. 1950 मध्ये संप आणि असहकार पुकारल्याबद्दल स्वातंत्र्यलढ्याचा नेता क्वामे एन्क्रुमा याला इंग्रजांनी इथे डांबलं. फेब्रुवारी 1951 मध्ये निवडणूक झाली तेव्हा तो आतच होता, आणि आतूनच अक्रा मध्य मतदारसंघात उभा राहिला. 23,122 पैकी 22,780 मतं त्याची. गव्हर्नरला त्याला सोडून सरकार बनवायला बोलवावं लागलं. हा आकडा मुलगा तोंडपाठ म्हणतो, दोनदा.

बुकॉमला पोचेपर्यंत गर्दी अजून वाढलेली. हा मुष्टियोद्ध्यांचा मोहल्ला. एखाद्या गल्लीने एवढे जागतिक विजेते द्यावेत हे नवलच आहे: अझुमा नेल्सन इथल्या परिसरातला, आणि त्याच्या आधी डेव्हिड कोटेई, ज्याला सगळे डी. के. पॉयझन म्हणत. 1975 मध्ये जागतिक अजिंक्यपद मिळवणारा घानाचा पहिला माणूस. त्याची एक गोष्ट मला कुठल्याही पदकापेक्षा मोठी वाटते. 1976 मध्ये देशात टंचाई होती, परकीय चलन नव्हतं, आणि लष्करी सरकारने चक्क या मुष्टियोद्ध्याकडे हात पसरला. त्याने आपल्या लढतीच्या कमाईतले 45,000 डॉलर सरकारला उसने दिले. कशासाठी? डबाबंद बांगडा आयात करण्यासाठी. देशाने मासा खाल्ला. पैसे परत मिळवायला मात्र डी. के. ला अनेक दशकं खेटे घालावे लागले. भुकेची हुर्यो उडवणाऱ्या मोहल्ल्यातला माणूस, आणि सरकारच्या भुकेसाठी त्याचाच खिसा!

अचानक ठासणीच्या बंदुकीचा बार होतो. मी दचकते, बाकी कुणी नाही. गर्दी दुभंगते आणि आधी लाल फडकी डोक्याला बांधलेले तरुण येतात, मग पांढऱ्या कपड्यांतले अनवाणी पुजारी, मग एक भलीमोठी गोल छत्री, झालर लावलेली, जी धरणारा माणूस तिला सतत वरखाली नाचवतोय. छत्रीखाली मांत्से, इथला राजा म्हणा की मुखिया. त्याच्या पुढ्यात परात. परातीतून मूठ भरून तो क्पोक्पोई, मक्याचा सणाचा पदार्थ, उजवीकडे-डावीकडे उधळत चाललाय: घरांच्या उंबऱ्यांवर, चौकात, एका झाडाच्या बुंध्याशी. ही पितरांची मूठ. जे या मातीत गेले त्यांनी आधी खायचं. लोक पुढे झुकतात, काहीजण अंगावर पडलेले कण झटकत नाहीत. शेजारची एक बाई हमसून रडायला लागते. या वर्षी तिच्या घरातलं कुणी तरी गेलंय, मुलगा कानात सांगतो. उद्या सकाळी घरोघर असंच रडणं होईल, त्यानंतर एकमेकांकडे जाऊन वर्षभराची भांडणं मिटवायची. आज मात्र रडणारीच्या हातात कुणी तरी थंड पाण्याची प्लास्टिकची पिशवी देतं, ती दाताने कोपरा फाडून घटाघटा पिते आणि पुन्हा मिरवणुकीमागे चालू लागते.

काल जुळ्यांचा दिवस होता. पांढऱ्या कपड्यांतल्या जुळ्या पोरांच्या अंगांवर पांढरी माती फासलेली, आणि पाला-पाणी भरलेली घमेली डोक्यावर घेऊन घरची माणसं बेभान धावत होती. ते ओझं वाहणाऱ्याचे पाय त्याचे राहत नाहीत म्हणतात. एक घमेलं माझ्यापासून हातभर अंतरावरून गेलं, तेव्हा मला ते पटलं.

मुलाच्या घरी जेवायला बसतो. घर म्हणजे चारही बाजूंनी खोल्या आणि मध्ये अंगण. हे बायकांचं घर. आई, मावश्या, आजी, पोरं. जुन्या गा रीतीत नवरे आपापल्या पुरुषांच्या घरी राहतात आणि संध्याकाळी पोरांच्या हाती त्यांचं जेवण पाठवलं जातं. आजी मला स्टुलावर बसवते. एक मोठं मातीचं भांडं मध्ये येतं. सगळ्यांनी त्याच एका भांड्यात हात घालायचा. आज वयाचा, मानाचा हिशेब नाही. पाच वर्षांची नात आजीच्या पुढ्यातला मासा ओढते आणि कुणी तिला रागवत नाही.

मी पहिला घास घेते. क्पोक्पोई हाताला मोकळी लागते, तिखट सांज्यासारखी, पण पामतेलाने नारिंगी झालेली आणि धुराच्या वासाची. तिच्यावर कालवणाची वाटी ओतलेली. कालवण दाट आहे, जिभेवर तेलाचा थर बसतो, मग मिरची येते, आणि सगळ्यात शेवटी माशाचा खारट धूर. घास बोटांनी दाबून, अंगठ्याने खळगा करून, त्यात कालवण भरून तोंडात टाकायचा. उजव्याच हाताने. माझा अंगठा आपोआप बरोबर काम करतो हे पाहून आजी मान डोलावते आणि मुलाला काही तरी म्हणते. “तुम्हाला घरी नीट वळण लावलंय म्हणतेय,” तो सांगतो. माझ्यापुढे अख्खा मासा सरकवला जातो.

दुपारी आम्ही समुद्राला उजवीकडे ठेवून पूर्वेकडे निघतो. हाय स्ट्रीटवर बँकांच्या इमारती लागतात. डावीकडे आत माकोला बाजार. शनिवार असल्यामुळे आत जाण्यात अर्थ नाही, नुसती ढकलाढकल. पण एक जागा पाहावी म्हणून मी दोन वळणं घेते. जून 1979 मध्ये लष्करी अधिकारी जेरी रॉलिंग्जच्या तरुण सैनिकांनी सत्ता घेतली. महागाईला बाजारातल्या बायका जबाबदार आहेत, त्या माल दडवतात, असं ठरलं. 18 ऑगस्टला सैनिकांनी माकोलाचा मुख्य बाजार सुरुंग लावून उडवून दिला. ज्या बायकांनी एन्क्रुमाच्या पक्षाला पदरचा पैसा पुरवला होता, त्यांच्याच लेकी-सुनांचे ठेले. भाव काही उतरले नाहीत. त्या जागेला आज रॉलिंग्ज पार्क म्हणतात आणि तिथे पुन्हा इतके विक्रेते बसलेत की जमीन दिसत नाही. टोमॅटोच्या पाट्या रचणारी एक बाई मला ‘ओब्रोनी’ अशी हाक मारते. ही हाक गोऱ्यांसाठी. माझ्या रंगाला ती लागू पडते हे ऐकून मी स्वतःशीच हसते.

हाय स्ट्रीटवर परत येऊन आम्ही एन्क्रुमाच्या स्मारकात शिरतो. पूर्वी हे पोलोचं मैदान होतं, साहेबांच्या घोड्यांसाठी राखलेलं. काळ्या माणसाला आत मज्जाव. 5 मार्च 1957 च्या मध्यरात्री एन्क्रुमाने मुद्दाम हीच जागा निवडली आणि घाना स्वतंत्र झाल्याचं इथून जाहीर केलं. आता तिथे त्याचा पुढे हात केलेला पुतळा आहे, मागे संगमरवरी समाधी. पण पाहायचा तो मागचा पुतळा. 24 फेब्रुवारी 1966 रोजी लष्कराने त्याला पदच्युत केलं, तेव्हा तो परदेशात होता. इथे जमावाने त्याचा पुतळा पाडला, मुंडकं तोडलं. ते मुंडकं कुणा नागरिकाने जपून ठेवलं. आता धड एका चौथऱ्यावर आणि मुंडकं शेजारच्या दुसऱ्या चौथऱ्यावर, असं मांडलंय. जोडलेलं नाही. ज्याने कुणी हे ठरवलं त्याला मानलं पाहिजे.

“आम्हीही एक पुतळा हलवला,” मुलगा म्हणतो, आणि माझ्याकडे पाहत थांबतो. मला माहीत आहे कुठला. जून 2016 मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जींनी लेगॉनच्या आवारात गांधीजींच्या पुतळ्याचं अनावरण केलं. काही प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या तरुण गांधींचं काळ्या माणसांविषयीचं लिखाण पुढे ठेवलं, सह्या गोळा केल्या, आणि डिसेंबर 2018 मध्ये पुतळा हटवला गेला. “तुम्हाला राग आला?” मी म्हणते, राग नाही, पण वाईट वाटलं, मग लिखाण वाचलं, त्याचंही वाईट वाटलं. तो मान हलवतो. “निदान मुंडकं नाही तोडलं,” तो म्हणतो, आणि दोघंही हसतो, जरा जास्तच.

सर्वोच्च न्यायालयासमोरून जाताना तीन न्यायाधीशांची शिल्पं दिसतात. 1982 च्या जूनमध्ये त्यांना रात्री घरातून पळवून नेऊन मारलं होतं. रस्ता रुंद होत जातो आणि ब्लॅक स्टार चौक येतो: काळ्या ताऱ्याची कमान, समोर रिकामी दगडी बैठकव्यवस्था, पलीकडे थेट समुद्र. 1961 मध्ये इंग्लंडच्या राणीच्या भेटीच्या वेळी बांधलेला हा चौक परेड नसेल तेव्हा भकास वाटतो. मला तर तो मुळीच आवडत नाही. चार पोरं तिथे स्केटिंग शिकताहेत, तेवढाच त्याचा उपयोग दिसतो.

पण इथून ओसूकडे, ख्रिश्चनबॉर्गच्या भागाकडे, चालताना जो रस्ता लागतो, तो सोडून चालणार नाही. 28 फेब्रुवारी 1948. दुसऱ्या महायुद्धात बर्मात जपान्यांशी लढून आलेले गोल्ड कोस्टचे, म्हणजे तेव्हाच्या घानाचे, माजी सैनिक पेन्शन आणि कामाची मागणी घेऊन गव्हर्नरकडे, म्हणजे ख्रिश्चनबॉर्ग किल्ल्याकडे निघाले. हातात अर्ज, शस्त्र नाही. चौकात पोलिसांनी अडवलं. पोलीस अधिकारी कॉलिन इमरे याने स्वतः बंदूक घेऊन गोळ्या झाडल्या. सार्जंट अजेटे, कॉर्पोरल अटिपो, प्रायव्हेट ओडार्टे लॅम्पटे, तिघे जागीच गेले. त्याच दिवशी शहरात आणखी एक गोष्ट घडत होती. परदेशी दुकानांनी चढवलेल्या भावांविरुद्ध न्यी क्वाबेना बोने या गा मुखियाने महिनाभर बहिष्कार चालवला होता; तो त्या दिवशी मागे घेतला गेला, लोक दुकानांत गेले, आणि भाव म्हणावे तसे उतरलेच नव्हते. गोळीबाराची बातमी त्या गर्दीत पोचली. मग अक्रा पेटलं. घानाच्या स्वातंत्र्याची सुरुवात लोक या दिवसापासून धरतात. घानाच्या लष्कराचं मुख्यालय आजही बर्मा कॅम्प म्हणूनच ओळखलं जातं.

किल्ला समोर येतो. पांढरा, समुद्रात घुसलेला, लाटा पायथ्यावर आदळताहेत. याच्या इतिहासात माझा सगळ्यात लाडका माणूस म्हणजे असामेनी, अक्वामू राज्याचा. तो म्हणे या किल्ल्यात आचारी म्हणून राहिला, आतली सगळी माहिती काढली, आणि 1693 मध्ये आपली माणसं व्यापारी म्हणून आत आणली. बंदुका पाहण्याच्या मिषाने त्यांनी त्याच भरल्या आणि किल्ला ताब्यात घेतला. वर्षभर तो डॅनिश गव्हर्नरचा पोशाख घालून इथे मिरवला, येणाऱ्या जहाजांशी व्यापार केला, मग 50 मार्क सोनं घेऊन किल्ला डॅनिशांना परत विकला. किल्ल्या मात्र दिल्या नाहीत! त्या अजूनही अक्वामूच्या गादीजवळ आहेत. 1850 मध्ये डॅनिशांनी किल्ला इंग्रजांना 10,000 पौंडांना विकला. 1877 मध्ये राजधानी केप कोस्टहून इथे आली आणि गव्हर्नर इथे राहू लागले. नंतर एन्क्रुमा, नंतरचे राष्ट्राध्यक्ष. ज्याच्या तळघरात माणसं कोंडून ठेवली जात, त्याच्या माडीवर 2013 पर्यंत स्वतंत्र देशाचं सरकार बसलं. इथले लोक यावर फारसं बोलत नाहीत. मुलगाही बोलत नाही. तो मोबाईलमध्ये वेळ बघतो. त्याला रात्री मिरवणुकीत ढोल वाजवायचाय.

त्याला परत पाठवून मी ओसूहून ‘थर्टी-सेव्हन’ची त्रोत्रो, म्हणजे इथली मिनीबस, पकडते. ‘थर्टी-सेव्हन’ हे नाव तिथल्या लष्करी इस्पितळाचं. दारात लोंबकळणारा मेट, म्हणजे कंडक्टर, ते इतक्या वेगाने ओरडतो की ऐकू फक्त ‘सेव्हेसेव्हेसेव्ह’ येतं. चार जणांच्या बाकावर पाच. माझ्या शेजारी एक जाड मावशी, मांडीवर झाकण बांधलेलं स्टीलचं भांडं, त्यातून पामचा वास. अक्राच्याच मदिना भागात लेकीकडे चाललीय. लेक बाळंतीण आहे, होमोवोला येऊ शकली नाही, म्हणून क्पोक्पोई घेऊन.

लिबरेशन रोडवर उजेडात न्हालेली एक इमारत दिसते, छताला राजाच्या आसनाचा आकार. ज्युबिली हाउस, आत्ताची राष्ट्राध्यक्षांची गादी. भारताने दिलेल्या कर्जातून, मुंबईच्या शापूरजी पालनजी कंपनीने 2008 मध्ये बांधली. मला राहवत नाही. मी मावशींना सांगते, हे आमच्या गावच्या लोकांनी बांधलंय.

मावशी खिडकीतून एकवार बघतात. “भाड्याने दिलंय का?” त्या विचारतात. “नाही? मग आम्हाला काय?”

मेट हात पुढे करतो. माझ्याकडे वीस सेदीची नोट, त्याच्याकडे सुट्टे नाहीत. तो काही तरी पुटपुटतो, पुढच्या बाकावरचे दोघं सल्ला देतात, मागून कुणी तरी पाच सेदी पुढे सरकवतं. तेवढ्यात गाडी गतिरोधकावर उडते, भांड्याचं झाकण कडाडतं, आणि मावशी ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार करायला सुरुवात करतात. कालवण सांडलेलं नाही. तरी त्या थांबत नाहीत, सेव्हनपर्यंत.